व्हॅलिडिटीनाना

आमच्या गल्लीत नानांचं खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक आहे. बाकी सगळे त्यांना व्हॅलिडिटीनाना म्हणतात, आणि हे नाव त्यांनी स्वतःच्या तोंडानं ओढवून घेतलंय. 'काय नाना, बरंय ना?' असं कुणी विचारलं की ते थांबतात, विचारणाऱ्याला नखशिखान्त न्याहाळतात आणि म्हणतात, "माझं राहू दे. तुझी व्हॅलिडिटी किती उरलीय?" नव्या माणसाला वाटतं, मोबाइलच्या रिचार्जबद्दल विचारतायत. तो बिचारा 'अठ्ठावीस दिवस' म्हणतो. नाना हळहळत पुढं जातात.

नाना उंच, शिडशिडीत, आणि हात असे लांब की चालताना बोटं जवळजवळ गुडघ्याला लागतात. आजानुबाहू म्हणतात तसे. बसस्टँडवर उभ्या उभ्या बॅग जमिनीला टेकलेली असते आणि तरी ती नानांच्या हातात असते. या हातांचं काम पुढं आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

व्हॅलिडिटी हा शब्द नानांच्या पोटापाण्याचा. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, आणि तेव्हापासून या गावात दगड भिरकावला तर तो सळईच्या कारखान्यावर तरी पडतो नाहीतर बियाण्याच्या गोदामावर. अशाच एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नानांनी तेहतीस वर्षं उगवणशक्ती तपासली. चारशे दाणे मोजायचे, शंभराचे चार भाग करायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे, उबेत उभे करून ठेवायचे आणि आठवड्यानं गुंडाळी सोडून बघायचं. किती उगवले, किती वाकडे निघाले, किती कुजले. सोयाबीन शेकडा ७० उगवलं की पास. पास झालं की पिशवीला टॅग, टॅगवर मुदत : तपासणीच्या तारखेपासून नऊ महिने. मुदत संपली की पुन्हा तपासायचं, पुन्हा उगवलं तर आणखी सहा महिने वाढवून मिळतात. "माणूससुद्धा नऊ महिन्यांच्या टॅगवरच येतो," नाना म्हणतात, "फक्त वाढवून घ्यायला कुठल्या ऑफिसात जायचं तेवढं कुणी सांगत नाही."

त्या प्रयोगशाळेत एक पेटी होती. बियाणं घाईघाईनं म्हातारं करायची पेटी. सोयाबीनचे दाणे ४१ अंशांच्या दमट उबेत ७२ तास कोंडायचे. तीन दिवसांत दाण्याचा आजोबा होतो. एवढं सोसून जो पुढं उगवतो, तो खरा दमाचा. गोदामात सहा-आठ महिने ठेवल्यावर जे कळणार ते तीन दिवसांत कळतं. नानांनी अशी हजारो दाण्यांची म्हातारपणं डोळ्यांनी पाहिली. मे महिन्यात जालन्याचा पारा बेचाळीसवर गेला की ते गच्चीवर उभे राहून गावाकडं बघतात आणि म्हणतात, "आख्खं गाव पेटीत घातलंय. बघू कोण उगवतं."

३१ मे २०१५ रोजी नाना निवृत्त झाले. नारळ, शाल, भिंतीवरचं घड्याळ. माणसाला नोकरीतून काढताना घड्याळ देण्याची कल्पना कुणाला सुचली ते माहीत नाही, पण नानांना ते लागलं. आता आपण स्वतःच लॉटमध्ये आहोत, आणि आपली तपासणी कुणी करत नाही, असा विचार त्या रात्री त्यांच्या मनात आला. पुण्याच्या मुलानं मोठ्या पडद्याचा फोन पाठवला होताच. पहिल्या महिन्यात त्यांनी त्यावर भजनं ऐकली. दुसऱ्या महिन्यात त्यांना अळी सापडली.

ही अळी म्हणजे सी. एलिगन्स. मिलिमीटरभर लांबीची, डोळ्याला धड दिसत नाही, दोन-तीन आठवडे जगते. सान फ्रान्सिस्कोत सिंथिया केनियन नावाच्या बाईंनी १९९३ साली दाखवून दिलं की तिच्या एकाच जनुकात बदल असला तर ती दुप्पट जगते. नुसती खितपत नाही, हिंडत-फिरत. नाना ही गोष्ट सांगतात तेव्हा सख्ख्या भावाला मुख्यमंत्रिपद मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा होतो. पहिल्यांदा त्यांनी ती नानींना सांगितली, त्या वेळी मी तिथंच चहा पीत होतो. नानी कोथिंबीर निवडत होत्या.

"दुप्पट म्हणजे किती?"

"वीसचे चाळीस दिवस."

"आणि त्या वाढलेल्या वीस दिवसांत करते काय?"

नाना गप्प झाले. नानींनी किडकी काडी बाजूला टाकली आणि म्हणाल्या, "विचारून बघा कुणाला तरी."

नानी हा नानांच्या संशोधनातला कायमचा विरोधी पक्ष. त्यांना साखरेचा त्रास आहे, आणि डॉक्टरांनी मेटफॉर्मिन चालू केलंय. गल्लीतल्या निम्म्या घरांत ती गोळी असते, पण अमेरिकेतले निर बार्झिलाई नावाचे गृहस्थ हीच गोळी म्हातारपणावर चालते का हे मोठ्या प्रमाणावर तपासायचं म्हणतायत, हे नानांना कळलं आणि घरात एक बारीकशी असूया शिरली. २०१४ साली ब्रिटनमधल्या एका पाहणीत मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही धडधाकट लोकांपेक्षाही किंचित जास्त टिकलेले दिसले होते. पुढं डेन्मार्कच्या आकडेवारीत तसं काही दिसलं नाही, पण तिथवर नाना वाचत नाहीत. त्यांना साखर नाही. दर सहा महिन्यांनी ते आशेनं तपासून घेतात आणि रिपोर्ट नॉर्मल आला की खट्टू होऊन परततात.

खाणं त्यांनी निम्म्यावर आणलं ते उंदरांमुळं. १९३५ साली क्लाइव्ह मॅके या अमेरिकन प्राध्यापकानं उंदरांना बेतानं खाऊ घातलं आणि ते पोटभर खाणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. तेव्हापासून नाना अर्धी भाकरी खातात. उरलेली अर्धी नानी त्यांच्यासमोर दुधात कुस्करून खातात. बियाण्याच्या शास्त्रात हॅरिंग्टनचा एक नियम आहे : दाण्यातला ओलावा एका टक्क्यानं उतरला की त्याचं साठवणीतलं आयुष्य साधारण दुप्पट होतं. नानींना विज्ञानातला हा एकच नियम पाठ आहे. नाना पाहुण्यांशी फारसं बोलेनासे झाले की त्या आतून म्हणतात, "राहू द्या त्यांना. एवढे कोरडे पडलेत, दोनशे वर्षं सहज जातील."

शिकवायला मात्र नाना गोड. पेशी फुटताना तिच्या जनुकांच्या धाग्याचं टोक दर वेळी थोडं झिजतं, हे त्यांनी मला मोंढ्यात एका बैलगाडीपाशी उभं करून समजावलं. कासऱ्याच्या टोकाला गाठ असते ना, ती आहे तोवर कासरा उसवत नाही. गाठ झिजली की पेड सुटले. ती गाठ म्हणजे टेलोमिअर. तिच्या अभ्यासाला २००९ चं नोबेल मिळालं, तिघांत वाटून. त्याच्या कितीतरी आधी, १९६१ साली, हेफ्लिक नावाच्या माणसानं पाहिलं होतं की बाटलीत वाढवलेल्या माणसाच्या पेशी पन्नासेक वेळा फुटतात आणि मग थांबतात. गाडीवान सगळं ऐकत होता. त्यानं कासऱ्याचं टोक हातात घेतलं, बघितलं आणि विचारलं, "मंग दुसरी गाठ मारता येत न्हाई का?" नाना म्हणाले, हाच प्रश्न आहे, अन् दुसरी गाठ सरसकट मारता यायला लागली तर कॅन्सरच्या पेशी आधी मारून घेतात. गाडीवानानं कासरा सोडून दिला.

आयुष्य रक्तात असतं की करण्यात, यावर आमच्याकडं चर्चा निघाली की बाकीचे 'खाण तशी माती' म्हणून मोकळे होतात. नानांचं उत्तर नेमकं आहे. डेन्मार्कमध्ये जुळ्यांच्या नोंदी तपासल्या, १९९६ साली हिशेब छापला : आयुष्य किती, यातला साधारण चौथा हिस्सा जनुकांचा. "म्हणजे चार आणे बियाणं," नाना म्हणतात, "बारा आणे जमीन, पाणी आणि लागवड. आमच्या कंपनीनं हे कधी शेतकऱ्याला सांगितलं नाही, ते सोड."

बारीक माणसांनी खूश व्हायचं कारण नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याच्या केईएममधले डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉक्टर जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३. तंतोतंत एक. अंगातली चरबी मात्र साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वरून काडी, आतून लोण्याचा गोळा. मराठी मूल जन्मतःच असं असतं, वजनाला हलकं आणि तरी चरबीला धरून, हे याज्ञिकांच्या चमूनं पुण्याजवळच्या गावांत दाखवून दिलं. हा फोटो नानांच्या पाकिटात देवाच्या शेजारी असतो. नानी त्यांना काडीपेटी म्हणतात, त्यामागं ही हकिगत आहे.

आता मूळ दुखणं. २०१७-१८ साली देशभर म्हातारपणाची मोठी पाहणी झाली, लासी तिचं नाव. मुंबईच्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था तिची कर्ती. पंचेचाळीस आणि त्यापुढच्या ७२,००० हून अधिक लोकांच्या घरी जाऊन वजन, उंची, रक्तदाब घेतला, श्वास फुंकायला लावला, चालायला लावलं, दहा शब्द ऐकवून किती आठवतात ते विचारलं, हाताची पकड मोजली. त्यांच्यातल्याच काही हजारांच्या स्मरणशक्तीची पुढं आणखी बारकाईनं तपासणी झाली, आणि २,७०० हून जास्त जणांचा आख्खा जीनोम वाचून काढला. इतकं सगळं झालं आणि आमच्या गल्लीत कुणीही आलं नाही. नानांनी दोन वर्षं बैठकीत खुर्ची पुसून ठेवली होती.

शेवटी ते स्वतःच निघाले. पकड मोजायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. मुठीत धरून दाबायचं, किलोत आकडा येतो. १७ देशांतल्या सुमारे १,४०,००० लोकांच्या अभ्यासात २०१५ साली आढळलं की पकड पाच किलोनं कमी असेल तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त. नाना यंत्र घेऊन नव्या मोंढ्यात उभे राहिले. एका हमालानं ते असं दाबलं की काटा पंचावन्नला गेला.

"काय मिळतंय याचं?" त्यानं विचारलं.

"आयुष्य."

"रोख काही?"

दुसरं साधन त्यांना फुकट मिळालं. ब्राझीलच्या डॉक्टरांची एक परीक्षा आहे, २०१२ साली छापलेली. मांडी घालून जमिनीवर बसायचं आणि उठायचं. दहा गुण. हात टेकला, एक वजा. गुडघा टेकला, एक वजा. डगमगलात तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार लोकांना त्यांनी असं उठवलं-बसवलं, आणि ज्यांना कमी गुण पडले ते पुढच्या सहा-एक वर्षांत जास्त संख्येनं गेले. नानांनी हे वाचलं आणि कपाळाला हात लावला. दोन हजार माणसं गोळा करायला ब्राझीलला किती खटाटोप पडला असेल. आमच्याकडं एका सप्ताहाच्या काल्याला पाच हजार उठतात!

बदनापूरकडच्या एका गावात सप्ताहाची सांगता होती. पंगती रस्त्यावर दुतर्फा. पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. नाना वाढप्यांच्या रांगेत बादली न घेता उभे, हातात डायरी. पंगत उठायच्या घटकेला ते ओणवे होऊन एकेकाकडं बघायला लागले. एक माळकरी म्हातारे, ऐंशीच्या घरातले, एका हातात पत्रावळ, दुसऱ्यात पाण्याचा पेला, सरळ उठले. कुठं टेकले नाहीत, पाणी सांडलं नाही. नानांनी दहापैकी दहा दिले आणि डोळे पुसले. त्यांच्या शेजारचे माजी सरपंच, वय पंचावन्न, एक हात जमिनीला, एक गुडघ्याला, मग दुसरा गुडघा, मग 'अरे धर रे' म्हणून कार्यकर्त्याच्या खांद्याला.

"काय लिहून राहिले, नाना?"

"मार्क."

"कशाचे?"

"जगण्याचे. खांद्याचा कॉलम नव्हता, नवा पाडला."

सरपंचांना दहापैकी सहा पडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचली होती, आणि पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीची निवडणूक होती. त्या गावात नानांना आता सप्ताहाचं निमंत्रण येतं ते घरी पार्सल पाठवायच्या अटीवर.

एवढी सगळी मापं झाली, तरी नानांच्या मनात एक खंत होती. शंभरीपार गेलेला माणूस त्यांनी जवळून पाहिला नव्हता. जगभर शास्त्रज्ञ शंभरीच्या लोकांची जनुकं तपासतात. हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत २००८ साली फॉक्सओ३ नावाच्या जनुकाचा एक प्रकार दीर्घायुष्याशी जोडलेला सापडला. मराठवाड्याच्या मातीतही असा एखादा वाण असेलच, असं नाना म्हणायचे. अवर्षणात टिकणारी ज्वारी असते तसा माणूस. मग घनसावंगी तालुक्यातून निरोप आला : गावात आबा आहेत, एकशे चार वर्षांचे, आधार कार्डावर लिहिलेलं आहे.

२०२४ च्या हिवाळ्यात मी नानांना मोटरसायकलवर घेऊन निघालो. नानांच्या पिशवीत पकडीचं यंत्र, टेप, डायरी आणि लाळ घ्यायची नळी. जांब समर्थची पाटी दिसली तेव्हा ते मागून ओरडले, "थांब, नमस्कार करू." या तालुक्यात जन्माची वेळसुद्धा पक्की ठाऊक असलेला माणूस एकच, समर्थ रामदास : शके १५३०, रामनवमी, भर दुपारी बारा. बाकी तालुक्याच्या तारखा कशा ठरल्या ते आम्हाला तासाभरात कळणार होतं.

आबा ओट्यावर उन्हाला बसले होते. दात दोन-तीन, डोळे लख्ख, कानात भिकबाळी. नानांनी वाकून पाया पडून आधी यंत्र त्यांच्या मुठीत दिलं. चौतीस. नानांनी माझ्याकडं विजयानं पाहिलं. स्वतः नानांचे तेहतीस.

"आबा, खाता काय?"

"देतेत ते."

"झोप?"

"लागली तर."

"व्यसन?"

आबांनी गालातली तंबाखू दुसऱ्या गालात नेली आणि उत्तर द्यायचं टाळलं. नानांनी 'व्यसन : माफक' असं लिहिलं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो त्यांनी विचारायला नको होता. आठवण कितपत शाबूत आहे ते बघावं एवढाच हेतू.

"आबा, रझाकाराच्या वक्ताला तुम्ही कुठं होतात?"

"बळदात," आबा चटकन म्हणाले. "मायनं मला बळदात लपिवलं. दोन दिस म्या आतच. वरतून कणसं टाकली. मी अन् माझी बहीण, दोघं मावलो."

नानांची पेन्सिल थांबली. भिंतीतल्या धान्याच्या बळदाचं तोंड आम्ही सगळ्यांनी बघितलेलं असतं. रझाकारांचा धुमाकूळ १९४८ चा, १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. आधारावर आबांचा जन्म १९२० चा. म्हणजे तेव्हा वय अठ्ठावीस. अठ्ठावीस वर्षांचा गडी बहिणीसकट बळदात मावत नाही.

"लग्न कधी झालं, आबा?"

"ते लई दिसांनी. निजाम गेल्यावर बारा-तेरा वर्सांनी."

मुलगा आतून चहा घेऊन आला. त्याला काही लपवायचं नव्हतं. निराधारच्या पगारासाठी वय पासष्ट दाखवावं लागायचं, त्याला चाळीसएक वर्षं झाली. "बाबाचे केस लवकर पिकले व्हते. लिहिणाऱ्यानं केसाकडं पाहिलं अन् पासष्ट टाकून दिले. कागद कुणाकडं होता? मंग बाबाचं वाढलं म्हणून माझंबी वाढवलं. बापात अन् लेकात उगं फरक जास्त दिसाया नको." वाढवलेल्या वयानं मुलगा आज शहात्तरचा आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी २०२२ पासून फुकट झाली, त्यामुळं त्यालाही कुणाबद्दल तक्रार नाही. चेहऱ्यावरून साठ-बासष्टचा. नानांनी बोटांवर मोजलं. कागदाप्रमाणं या मुलाचा जन्म १९४८ चा. बाप बळदात, आणि लेकाची जन्मतारीख त्याच वर्षाची.

लाळेची नळी पिशवीतून बाहेर निघालीच नाही. निघताना आबांनी नानांचा हात धरला. "मी किती वर्सांचा हाय मंग, साहेब?"

"पंच्याऐंशी-शहाऐंशी."

"बरं झालं," आबा म्हणाले. "लई थकल्यागत वाटत व्हतं."

परतताना अंबडपर्यंत नाना एक शब्द बोलले नाहीत. नंतर आठवडाभर वाचत बसले, आणि आपण एकटे फसलो नाही हे कळल्यावर थोडे सावरले. जपानात २०१० साली तपासणी झाली तेव्हा शंभरीपार गेलेली २,३०,००० हून अधिक माणसं कागदावर जिवंत होती आणि प्रत्यक्षात त्यांचा पत्ता नव्हता. सॉल न्यूमन नावाच्या संशोधकानं दाखवलं की अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मदाखले सुरू झाले, तिथं एकशे दहाच्या वरचे लोक धडाधड कमी झाले. जिथं गरिबी जास्त आणि नोंदी कच्च्या, तिथं शंभरीचं पीक जोमात. या कामाला २०२४ साली इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचारात पाडणाऱ्या संशोधनाला ते देतात. नाना हसले नाहीत. म्हणाले, "टॅगच खोटा असला तर लॉट कितीही तपासा."

म्हणूनच त्यांनी ती शेवटची परीक्षा दिली. कागदावर विश्वास नाही, आता अंगालाच विचारायचं. स्टीव्ह होर्वाथ यांनी २०१३ साली एक घड्याळ मांडलं. आपल्या जनुकांवर मिथाइलचे बारीक शिक्के बसत-उठत असतात. त्यांच्या ३५३ जागा तपासल्या की माणसाचं वय निघतं, दाखला न बघता. "शरीरानं स्वतःला लावलेला टॅग," नाना म्हणाले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात नमुना पाठवून दिला. किती पैसे पडले ते नानींना अजून कळलेलं नाही.

रिपोर्ट जूनच्या पहिल्या आठवड्यात आला. नानांची जन्मतारीख १ जून १९५७. कागदावर अडुसष्ट नुकतेच पूर्ण. रिपोर्टात जैविक वय : पासष्ट.

तीन वर्षं! अर्धी भाकरी, पहाटेचं मोती तलावापर्यंत चालणं, गार पाण्यानं आंघोळ, सगळं फळाला आलं. नानांनी गल्लीत पेढे वाटले. स्वतः अर्धा खाल्ला. मीही मनापासून हात मिळवला. नानींनीसुद्धा त्या दिवशी भाकरी चुरून खाल्ली नाही.

आनंदाच्या भरात त्यांनी भोकरदनहून थोरल्या अक्कांना बोलावून घेतलं. अक्का बहात्तर-त्र्याहत्तरच्या. पेढा तोंडात टाकून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "पासष्टच हायेस की तू."

"तेच म्हणतोय, अक्का. आतून पासष्ट."

"आतून-भाईरून कामून? महाराष्ट्र झाला तव्हा आमच्या शाळंत पेढे वाटले व्हते. माय तुझ्या वक्ताची पोटुशी. मृग निघाला अन् तू झालास. मला पक्कं याद हाय, तुझ्यापायी माझी शाळा सुटली."

महाराष्ट्र १ मे १९६० चा. मृग जूनचा. बैठकीत कुणी काही बोललं नाही. अक्कांना मात्र अजून सांगायचं होतं. नाना पाच वर्षांचे असताना आत्याच्या आठ वर्षांच्या मुलाबरोबर दोघांना एकाच दिवशी शाळेत नेलं. गुरुजींची परीक्षा एकच : उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का. आत्याच्या मुलाचा लागला. नानांचा तर कानाच्या खाली मानेपर्यंत गेला. गुरुजी म्हणाले, दोघं सारखेच, आणि दोघांचीही एकच तारीख टाकली. शाळा जूनमध्ये भरते, म्हणून १ जून.

नानांनी स्वतःच्या हातांकडं पाहिलं. तेहतीस वर्षं चारशे-चारशे दाणे मोजलेले हात. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे गुरुजींनी अंगावरून वय काढलं. होर्वाथच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी."

"आणि चुकले," मी म्हणालो.

"चुकणारच. एका जागेवरून काढलं. होर्वाथ ३५३ जागा घेतो, तरी त्याच्या घड्याळात तीन-साडेतीन वर्षं इकडंतिकडं होतंच." आणि तोंडातून हे वाक्य बाहेर पडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की मग कमावलेली तीन वर्षं तशीही हिशेबात धरता येत नव्हती.

नानी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी वेगळंच गणित केलं होतं. "अहो, म्हणजे तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी रिटायर झालात? तीन वर्षांचा पगार?"

तो आकडा नानांनी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय. आमच्यापैकी कुणालाही दाखवत नाहीत. एसटीचं अर्धं तिकीट त्यांना २०२२ पासून मिळतंय, ते तीन वर्षं आधी मिळालं, एवढी वसुली झाली असं ते म्हणतात. कंडक्टरला दाखवायचं वय त्यांनी बदललेलं नाही. भाकरी पुन्हा पूर्ण खातात.

सध्या त्यांनी नवं काम काढलंय. तुमची जन्मतारीख १ जून असेल आणि तुमच्याहून थोरलं कुणी घरात अजून हयात असेल, तर त्यांना घेऊन संध्याकाळी सहानंतर मोती तलावावर या. नाना दक्षिणेकडच्या बाकावर असतात. फी नाही. फक्त एकदा हात डोक्यावरून कानाला लावून दाखवावा लागेल.